पुसलेले परत केव्हा मिळते?

संगणकातील लेख चुकून पुसला गेला, तर ‘प्रतीवरून परत मिळवू’ असे आपण निश्चिंतपणे म्हणतो. परंतु ती प्रत किती दिवस राखली जाते, हे आपण क्वचितच विचारतो.

समजा, आपण रोज रात्री सर्व मजकुराची प्रत काढतो आणि प्रत्येक प्रत ७ दिवस ठेवून मग नष्ट करतो. सोमवारी पुसलेला लेख बुधवारी आठवला, तर रविवारची प्रत आपल्याला तारील. मात्र तो दहाव्या दिवशी आठवला, तर शिल्लक असलेल्या सातही प्रती लेख पुसल्यानंतरच्याच असणार! म्हणूनच जाणकार लोक रोजच्या प्रतींखेरीज आठवड्याची व महिन्याची एकेक प्रत अधिक काळ राखतात. गूगल ड्राइव्हच्या कचरापेटीतील मजकूरही २०२० पासून ३० दिवसांनी कायमचा नाहीसा होतो.

आजोबांची पत्रे, जुनी छायाचित्रे आपण संगणकात ठेवतो. पण ती वर्षातून एखादे वेळीच उघडतो. ती हरवल्याचे उशिरा कळणार, हे उघड आहे. तेव्हा ज्याची आठवण उशिरा होते, त्याची प्रत अधिक काळ जपावी, एवढे आपण सर्वांनी ध्यानी धरू या.