औषधचाचणी : सही करण्यापूर्वी

गेल्या आठवड्यात सेलू तालुक्यातील एक शेतकरी गृहस्थ पत्नीसह दवाखान्यात आले. बारा वर्षांपासून त्यांना मधुमेह आहे. हातातील प्लॅस्टिकच्या पिशवीत मराठीत छापलेली अकरा पाने जपून ठेवलेली होती. एका मोठ्या रुग्णालयात मधुमेहाच्या नव्या गोळीची चाचणी सुरू होणार आहे. तिच्यात सहभागी होता का, असे तेथील डॉक्टरांनी त्यांना विचारले होते आणि घरी वाचून पुढच्या गुरुवारी सांगा म्हणून हे कागद दिले होते.

"डाक्टरसाहेब, हे लोक माह्यावर परयोग करून राह्यले का? सही करू का नोको करू?" त्यांनी विचारले. पत्नी म्हणाल्या, "उंदीर-ससे सोडून आता मानसावर आले जी हे!"

प्रश्न रास्त आहे. आपल्या जिल्ह्यात सेवाग्राम आणि सावंगी अशी दोन मोठी वैद्यकीय महाविद्यालये आहेत, नागपूरही जवळ आहे. तेव्हा असा कागद उद्या तुमच्या-आमच्या घरीही येऊ शकतो. तो आला तर घाबरून फेकून द्यायचा की डॉक्टर म्हणतात म्हणून डोळे मिटून सही करायची? दोन्ही चूक. तो कागद नेमका काय असतो, ते आज समजून घेऊ.

शेतातली चाचणी

त्या गृहस्थांना मी उलट प्रश्न केला, "भाऊ, कपाशीचे नवे बियाणे आले तर तुम्ही काय करता?" ते म्हणाले, "अगुदर एक-दोन तासांत लावून पाहातो, बाकी वावरात जुनेच."

यालाच चाचणी म्हणतात. पण समजा, नवे बियाणे नाल्याकाठच्या काळ्या जमिनीत लावले आणि जुने मुरमाड पट्टीत. नव्याचे पीक जास्त आले तर श्रेय बियाण्याचे की जमिनीचे? काहीच सांगता येणार नाही. म्हणून जमीन, खत, पाणी सारखे हवे आणि कुठल्या तुकड्यात कोणते बियाणे जाईल हे आपल्या मर्जीने न ठरवता चिठ्ठी टाकून ठरवावे. इंग्लंडमधील रोथॅमस्टेड येथील शेतकी संशोधन केंद्रात रोनाल्ड फिशर या संख्याशास्त्रज्ञाने १९२० च्या दशकात ही चिठ्ठीची पद्धत शास्त्रशुद्ध रीतीने मांडली. पुढे डॉक्टरांनी तीच उचलली.

औषधाच्या चाचणीत रुग्णांचे दोन गट करतात. एकाला नवे औषध, दुसऱ्याला नेहमीचे. कोण कोणत्या गटात जाईल ते डॉक्टर ठरवत नाहीत, चिठ्ठी ठरवते. आता ती संगणक काढतो. डॉक्टरांच्या हाती निवड दिली तर ते नकळत धडधाकट रुग्णांना नवे औषध देतील आणि मग ते औषध गुणकारी भासेल. पुष्कळदा कोणाला कोणती गोळी मिळते आहे हे रुग्णालाही ठाऊक नसते आणि डॉक्टरांनाही. त्यात लपवाछपवी नसते. मनाचा कल निकालात उतरू नये, एवढाच हेतू असतो.

प्लाझ्माची धावाधाव

"पण डॉक्टरांना अनुभव असतो ना? मग हा खटाटोप कशाला?" असे कोणी म्हणेल. मी स्वतः अनुभवावर पोट भरणारा डॉक्टर आहे, तरीही सांगतो की एकट्या अनुभवावर विसंबू नये. पुष्कळ आजार आपोआप बरे होतात आणि श्रेय शेवटी घेतलेल्या औषधाला मिळते.

२०२० आणि २०२१ मधील कोरोनाचे दिवस आठवा. बरे झालेल्या माणसाच्या रक्तातील प्लाझ्मा आजाऱ्याला दिला की तो वाचतो, असे सर्वत्र बोलले जात होते. घरचा माणूस प्राणवायूवर आणि नातेवाईक प्लाझ्मासाठी गावोगाव फोन करीत आहेत, हे दृश्य अनेक कुटुंबांनी भोगले आहे. कल्पना तर्काला पटणारी होती, पण खरी होती का?

भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने एप्रिल ते जुलै २०२० मध्ये देशातील ३९ रुग्णालयांत ४६४ रुग्णांवर याची चाचणी घेतली. चिठ्ठीने दोन गट केले. एकाला नेहमीच्या उपचारांबरोबर प्लाझ्मा, दुसऱ्याला नुसते नेहमीचे उपचार. आजार गंभीर होणे किंवा २८ दिवसांत मृत्यू येणे, हे प्लाझ्माच्या गटात १९ टक्के रुग्णांच्या वाट्याला आले, तर दुसऱ्या गटात १८ टक्के. म्हणजे फायदा काही नाही. हा निष्कर्ष ऑक्टोबर २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. तरीही धावाधाव चालूच राहिली, आणि राष्ट्रीय उपचारसूचीतून प्लाझ्मा वगळला गेला तो मे २०२१ मध्ये.

याच्या उलट उदाहरण डेक्सामेथासोनचे. वर्षानुवर्षे वापरातले, अगदी स्वस्त औषध. जून २०२० मध्ये ब्रिटनमधील मोठ्या चाचणीने दाखवले की व्हेंटिलेटरवरील कोरोना रुग्णांमधील मृत्यू त्याने सुमारे एक तृतीयांशाने कमी होतात. प्राणवायू लागणाऱ्यांनाही त्याचा लाभ झाला. मात्र ज्यांना प्राणवायूची गरज नव्हती त्यांना काही लाभ दिसला नाही. कोणाला द्यावे आणि कोणाला देऊ नये, हे दोन्ही चाचणीमुळेच कळले. त्या रुग्णांनी सही केली म्हणून पुढच्या हजारोंचे प्राण वाचले.

चार पायऱ्या आणि सेवाग्राम

नवे औषध थेट रुग्णाच्या तोंडी जात नाही. प्रथम प्रयोगशाळेत व प्राण्यांवर तपासणी होते. त्यानंतर माणसांवर चार पायऱ्यांनी चाचणी होते. पहिल्या पायरीत थोड्या, बहुधा निरोगी, स्वयंसेवकांना औषध देऊन ते सोसते का आणि मात्रा किती असावी हे पाहतात. दुसऱ्या पायरीत मर्यादित संख्येच्या रुग्णांवर गुण येतो का ते पाहतात. तिसऱ्या पायरीत मोठ्या संख्येवर, गट पाडून तुलना होते. औषध बाजारात आल्यानंतरही लक्ष ठेवणे ही चौथी पायरी.

कोव्हिशील्ड लस आपल्यापैकी अनेकांनी घेतली. तिची भारतातील दुसऱ्या व तिसऱ्या पायरीची चाचणी २०२० च्या ऑगस्टअखेर सुरू झाली. त्यासाठी देशभर निवडलेल्या केंद्रांत सेवाग्रामचे महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थान होते आणि नागपूरचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही. एकूण १६०० प्रौढ स्वयंसेवक घ्यायचे ठरले होते. त्यांपैकी १२०० जणांमध्ये दर चौघांतील तिघांना लस आणि एकाला लशीचा अंश नसलेले द्रावण, अशी विभागणी होती. उरलेल्या ४०० जणांत भारतात बनलेल्या लशीची तुलना ऑक्सफर्डच्या मूळ लशीशी केली गेली. लस सोसते का आणि शरीरात प्रतिकारशक्ती तयार होते का, हे येथे पाहिले गेले. आजार किती रोखला जातो याचा पुरावा मुख्यतः ब्रिटन व ब्राझीलमधील मोठ्या चाचण्यांतून आला. ३ जानेवारी २०२१ रोजी आपत्कालीन वापरास परवानगी मिळाली आणि १६ जानेवारीपासून लसीकरण सुरू झाले. शेजारीपाजारी लशीचे नाव काढायला घाबरत असताना ज्यांनी दंड पुढे केला, त्यांचे ऋण आपल्यावर आहे.

पण याच लशीने चाचणीची मर्यादाही दाखवली. मार्च २०२१ मध्ये युरोपात काही लोकांमध्ये लस घेतल्यानंतर रक्ताच्या गुठळ्या होण्याचा एक विरळा, पण गंभीर दुष्परिणाम आढळला. लाखात एखाद-दुसऱ्याला होणारी गोष्ट १६०० जणांत दिसणे कठीण. म्हणूनच चौथी पायरी महत्त्वाची असते, आणि म्हणूनच कोणतेही औषध घेतल्यावर विपरीत काही घडले तर ते डॉक्टरांना जरूर कळवावे.

साखरेची गोळी

"मला नुसती साखरेची गोळी देतील आणि माझा आजार वाढेल," ही भीती अनेकांना वाटते. ज्या आजारावर खात्रीचे औषध आहे, तेथे ते काढून घेऊन गंभीर रुग्णाला नुसती साखरेची गोळी देणे हे नीतीला धरून नाही. पुष्कळ चाचण्यांत दोन्ही गटांना चालू औषध मिळतच असते, नवे औषध फक्त एका गटाला जास्तीचे मिळते.

आपल्याच राज्यातील उदाहरण पाहा. रायगड जिल्ह्यातील महाड येथे डॉ. हिंमतराव बावस्कर आणि डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांनी विंचूदंशाच्या ७० रुग्णांवर केलेली चाचणी २०११ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध झाली. प्राझोसिन ही रक्तदाबाची गोळी विंचवाच्या विषबाधेत प्राण वाचवते, हे डॉ. बावस्करांच्या आधीच्या कामातून दिसले होते. म्हणून प्राझोसिन दोन्ही गटांना दिली. एका गटाला तिच्या जोडीला विंचवाची प्रतिविषलस दिली. दहा तासांत पूर्ण बरे होणारे प्रतिविषलसीच्या गटात दहापैकी नऊ होते, तर नुसत्या गोळीच्या गटात दहापैकी जेमतेम दोन. एकाही रुग्णाला उपचाराविना न ठेवता प्रश्नाचे उत्तर मिळाले. तेही तालुक्याच्या गावी, खासगी व्यवसाय करणाऱ्या डॉक्टर पती-पत्नीकडून.

जेथे घोडे अडले

सर्वच ठिकाणी असे नीट घडते असे नाही. २००९ मध्ये तेव्हाच्या आंध्र प्रदेशातील खम्मम आणि गुजरातमधील वडोदरा जिल्ह्यांत गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरील लस हजारो शाळकरी मुलींना देण्याचा प्रकल्प राबवला गेला. काही मुलींचे मृत्यू झाल्यावर २०१० मध्ये तो थांबवला. त्या मृत्यूंचे कारण लस असल्याचे चौकशीत दिसले नाही. परंतु अनेक मुलींच्या संमतीपत्रांवर आईवडिलांऐवजी वसतिगृहाच्या वॉर्डनने किंवा मुख्याध्यापकांनी सह्या केल्याचे उघड झाले. संसदीय समितीने २०१३ मध्ये याबद्दल कडक ताशेरे ओढले. लस चांगली असली तरी न विचारता दिली, की विश्वास जातो, आणि तो परत मिळवायला वर्षे लागतात.

अशा प्रकरणांमुळे आणि सर्वोच्च न्यायालयातील याचिकेमुळे २०१३ पासून नियम कडक झाले. सध्या नवीन औषधे व औषधचाचणी नियम, २०१९ लागू आहेत. त्यांनुसार प्रत्येक चाचणीला एथिक्स कमिटीची मंजुरी लागते. या समितीत किमान सात सदस्य हवेत, त्यांतील निम्मे तरी त्या संस्थेबाहेरचे हवेत. त्यांत एक कायदा जाणणारा, एक स्त्री आणि वैद्यकीय क्षेत्राबाहेरचा एक सामान्य नागरिक असावाच लागतो.

आपले हक्क

सहभागी होणाऱ्या माणसाला सर्व माहिती त्याला समजेल अशा भाषेत मिळाली पाहिजे. माहितीपत्रकाची आणि सही केलेल्या संमतीपत्राची प्रत त्याच्या हाती दिली पाहिजे. लिहिता-वाचता येत नसेल तर चाचणीशी संबंध नसलेला साक्षीदार पूर्ण वेळ हजर हवा. त्याच्यादेखत सर्व वाचून दाखवल्यावरच अंगठा घ्यायचा. लहान मुलांसाठी आईवडिलांची संमती लागते.

चाचणीतून केव्हाही बाहेर पडता येते, कारण सांगावे लागत नाही. नकार दिला म्हणून नेहमीच्या उपचारात कसूर करता येत नाही. चाचणीमुळे इजा झाली तर उपचार मोफत मिळतात आणि नियमाप्रमाणे नुकसानभरपाईही मिळते. मृत्यू ओढवला तर ती वारसांना मिळते.

सही करण्यापूर्वी पुढील प्रश्न बेधडक विचारावेत :

१. चाचणी कोणत्या पायरीची आहे? हे औषध आधी किती लोकांना दिले आहे?
२. माझी चालू औषधे बंद करणार का?
३. दुसऱ्या गटात गेलो तर मला काय मिळेल?
४. आजवर कोणते त्रास दिसले आहेत?
५. किती वेळा यावे लागेल, किती वेळा रक्त घेणार आणि येण्याजाण्याचा खर्च कोण देणार?
६. रात्री-बेरात्री त्रास झाला तर कोणाला फोन करायचा? एथिक्स कमिटीचा फोन नंबर काय?
७. चाचणी संपल्यावर माझे औषध कोण देणार?
८. क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री ऑफ इंडियामधील नोंदणी क्रमांक कोणता?

ही शासकीय नोंदवही २००७ मध्ये सुरू झाली आणि जून २००९ पासून औषधचाचणीची नोंद तिच्यात करणे सक्तीचे आहे. इंटरनेटवर ती कोणालाही पाहता येते. गावातील कॉलेजात शिकणारा मुलगा दहा मिनिटांत पाहून देईल. नोंदणी क्रमांक सांगायला कोणी टाळाटाळ करीत असेल, "आत्ताच सही करा, नाहीतर जागा जाईल" म्हणत असेल किंवा गुण येणारच अशी हमी देत असेल, तर सरळ उठून घरी यावे. गुण येणार हे आधीच ठाऊक असते, तर चाचणीची गरजच पडली नसती.

सेलूच्या त्या गृहस्थांसोबत मी ती अकरा पाने वाचली. पाच प्रश्नांची उत्तरे त्यांतच मिळाली. येण्याजाण्याचा खर्च, चालू गोळ्या आणि चाचणीनंतरचे औषध, या तीन गोष्टी मात्र स्पष्ट नव्हत्या. त्या त्यांनी कागदाच्या पाठीमागे लिहून घेतल्या. "मंग तुमीच सांगा, करू का सही?" त्यांनी पुन्हा विचारले. मी म्हणालो, "भाऊ, या तीन उत्तरांनी तुमचे आणि वहिनींचे समाधान झाले तर करा, नाही झाले तर करू नका. दोन्हीत तुमचे काही चुकणार नाही. मधुमेह तपासायला मात्र दर महिन्याला इकडे येत जा."

गुरुवारी ते दोघे जाणार आहेत. वहिनींनी निघताना ती पाने पुन्हा पिशवीत घातली आणि म्हणाल्या, "इचारल्याबिगर अंगठा नाही देनार जी."