अरविंद नेत्र रुग्णालय समूह : प्रादेशिक रुग्णसेवेतील वैद्यकीय नवोपक्रम

प्रस्तावना :

मोतीबिंदू हे भारतातील टाळता येण्याजोग्या अंधत्वाचे प्रमुख कारण होय. डोळ्यातील नैसर्गिक भिंग गढूळ झाल्याने गेलेली दृष्टी शस्त्रक्रियेने परत मिळू शकते. तथापि उपचार दूर व खर्चिक असल्यास ग्रामीण वृद्ध अंधत्वाला वार्धक्याचा भोग मानून घरी बसतात आणि त्यांना सांभाळणाऱ्याचीही मजुरी बुडते. या प्रश्नावर तमिळनाडूतील अरविंद नेत्र रुग्णालय समूहाने शोधलेल्या उपायांचा परामर्श प्रस्तुत लेखात घेतला आहे.

स्थापना व अर्थव्यवस्था :

शासकीय सेवेतून निवृत्त झाल्यावर डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामी (१९१८-२००६) यांनी १९७६ मध्ये मदुराई येथे ११ खाटांचे रुग्णालय सुरू केले. तरुणपणी संधिवाताने त्यांची बोटे वाकडी झाली होती. तरीही चिकाटीने सराव करून त्यांनी नेत्रशस्त्रक्रियेत प्रावीण्य मिळविले होते. ऐपत असलेल्या रुग्णांकडून शुल्क घ्यावे आणि त्या उत्पन्नातून गरिबांवर मोफत वा अल्पदरात उपचार करावेत, हे या रुग्णालयाचे सूत्र राहिले. पुढे थेनी, तिरुनेलवेली, कोइमतूर व पुदुच्चेरी येथे रुग्णालये उभी राहिली.

कार्यपद्धती :

शल्यचिकित्सकाचा वेळ हे सर्वांत दुर्मिळ साधन आहे, हे ओळखून कामाची विभागणी करण्यात आली. एका टेबलावर शस्त्रक्रिया चालू असताना शेजारच्या टेबलावर पुढील रुग्णाची तयारी केली जाते. तपासणी, पूर्वतयारी व शुश्रूषा ही कामे ग्रामीण भागातील प्रशिक्षित मुली करतात. त्यामुळे त्यांना रोजगार मिळतो व डॉक्टरांना निदान आणि शस्त्रक्रियेवर लक्ष केंद्रित करता येते.

कृत्रिम भिंग :

पूर्वी मोतीबिंदू काढल्यावर रुग्णास जाड भिंगांचा चष्मा वापरावा लागे. डोळ्यात बसविण्याचे कृत्रिम भिंग उपलब्ध होते. परंतु आयात भिंगाची किंमत गरिबांच्या आवाक्याबाहेर होती. १९९२ मध्ये ‘ऑरोलॅब’ स्थापन करून समूहाने भिंगांचे उत्पादन हाती घेतले आणि त्यांची किंमत अनेक पटींनी खाली आली.

गुणवत्तेचा प्रश्न :

मोठ्या संख्येने केलेल्या शस्त्रक्रियांत दर्जा घसरतो काय, अशी शंका स्वाभाविक आहे. डोळ्याच्या आतील जंतुसंसर्ग हा येथील सर्वांत मोठा धोका होय. शस्त्रक्रियेच्या अखेरीस डोळ्यात मॉक्सिफ्लॉक्सासिन हे प्रतिजैविक सोडल्याने हा संसर्ग लक्षणीय प्रमाणात घटतो, असे समूहातील ६ लाखांहून अधिक शस्त्रक्रियांच्या २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणातून दिसून आले. काटेकोर नोंदी ठेवल्यास मोठी संख्याच गुणवत्तेच्या अभ्यासाचे साधन ठरते, हे यावरून स्पष्ट होते.

रुग्णापर्यंत सेवा :

नेत्रशिबिरे भरवूनही गरजूंपैकी थोडेच लोक येतात, असे अनुभवास आले. प्रवासखर्च, सोबतीचा अभाव व बुडणारी मजुरी ही त्याची कारणे होत. म्हणून गावांजवळ कायमस्वरूपी दृष्टी केंद्रे उघडण्यात आली. तेथे प्रशिक्षित कर्मचारी तपासणी करतो व दूरसंपर्काद्वारे रुग्णालयातील डॉक्टर सल्ला देतात. मधुमेहामुळे दृष्टिपटलावर होणारे दुष्परिणाम छायाचित्रावरून ओळखणाऱ्या संगणकीय प्रणालीच्या विकासातही या समूहाने सहभाग घेतला.

समारोप :

वैद्यकीय प्रगतीचे मूल्यमापन बहुधा यंत्रांच्या किमतीवरून केले जाते. येथे मात्र कामाची विभागणी, स्वस्त भिंग, नोंदींची शिस्त आणि गावाजवळचे केंद्र यांतून नवोपक्रम घडला. नेत्रोपचाराची ही पद्धत सर्वच व्याधींना जशीच्या तशी लागू पडणार नाही, कारण मोतीबिंदूची शस्त्रक्रिया अल्पावधीची व ठरावीक टप्प्यांची असते. तथापि रुग्ण उपचारापर्यंत का पोहोचत नाही, हा प्रश्न प्रथम विचारण्याची तिची शिकवण कोणत्याही प्रादेशिक रुग्णालयास मार्गदर्शक ठरावी.