हलाल घटकांची जागतिक बाजारपेठ आणि वाशीम जिल्ह्यातील सोयाबीन : एक विवेचन

प्रस्तावना :

वाशीम जिल्ह्याची निर्मिती १ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्याच्या विभाजनातून झाली. वाशीम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा आणि मानोरा या सहा तालुक्यांच्या या जिल्ह्याचे अर्थकारण प्रामुख्याने शेतीवर अवलंबून असून, खरिपातील सोयाबीन हे येथील शेतकऱ्याचे मुख्य नगदी पीक आहे. २०२४-२५ च्या हंगामासाठी केंद्र शासनाने सोयाबीनचा हमीभाव प्रति क्विंटल ४,८९२ रुपये जाहीर केला. परंतु त्या हंगामात बाजारातील दर दीर्घकाळ हमीभावाखालीच राहिले. दाण्याला पुरेसा भाव नसताना त्या दाण्यापासून निघणाऱ्या घटकांना जगात कोणती मागणी आहे, हा प्रश्न म्हणूनच महत्त्वाचा ठरतो.

या मागणीचा एक मोठा भाग हलाल बाजारपेठेशी निगडित आहे. जगातील मुस्लिम लोकसंख्या २०२० मध्ये सुमारे २०० कोटी होती. दिनार स्टँडर्ड या संस्थेच्या अहवालानुसार २०२२ मध्ये मुस्लिम ग्राहकांचा खाद्यपदार्थांवरील खर्च सुमारे १.४ लाख कोटी डॉलर होता. हा आकडा प्रमाणित मालाच्या विक्रीचा नसून एकूण खर्चाचा आहे, हे लक्षात घ्यावयास हवे. प्रस्तुत लेखात पुढील मुद्द्यांचा विचार केला आहे.

१) हलाल घटक ही संकल्पना स्पष्ट करणे.
२) सोयाबीनजन्य घटकांचे या बाजारपेठेतील स्थान पाहणे.
३) वाशीम जिल्ह्याच्या दृष्टीने त्यातील संधी व मर्यादा तपासणे.

हलाल घटक : संकल्पना

'हलाल' म्हणजे इस्लामी धर्मशास्त्रानुसार अनुज्ञेय. 'हराम' म्हणजे निषिद्ध. या दोहोंमध्ये 'मश्बूह' म्हणजे संशयास्पद अशी एक श्रेणी आहे. सर्वसामान्यांच्या मनात हलाल हा शब्द मांसाशीच जोडलेला असला, तरी आजचा व्यापार मोठ्या प्रमाणावर या मधल्या श्रेणीभोवती फिरतो. बिस्किटातील आयएनएस ४७१ हा पायसीकारक वनस्पती तेलापासून बनतो, तसाच प्राण्यांच्या चरबीपासूनही बनू शकतो. औषधी कॅप्सूलचे जिलेटिन, टूथपेस्टमधील ग्लिसरीन, साबणातील चरबी, लिपस्टिकमधील कोचिनील किड्यापासून मिळणारा तांबडा रंग यांबाबतही हाच प्रश्न उद्भवतो. वेष्टनावरील क्रमांक पदार्थाचे नाव सांगतो, त्याचे मूळ सांगत नाही.

कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानक आयोगाने १९९७ मध्ये 'हलाल' शब्दाच्या वापरासंबंधी मार्गदर्शक तत्त्वे स्वीकारली. त्यांनुसार घटक निषिद्ध नसणे पुरेसे नाही; त्याची प्रक्रिया, साठवण आणि वाहतूक करताना निषिद्ध वस्तूंशी संपर्क येता कामा नये. मात्र योग्य दक्षता घेतल्यास एकाच आवारात दोन्ही प्रकारचे उत्पादन वेगवेगळ्या विभागांत करता येते.

सोयाबीनपासून मिळणारे घटक :

सोयाबीनच्या दाण्यात साधारणतः १८ ते २० टक्के तेल आणि ४० टक्क्यांच्या आसपास प्रथिने असतात. सॉल्व्हंट प्लांटमध्ये हेक्झेनच्या साहाय्याने तेल काढल्यावर पेंड उरते. कच्च्या तेलात थोडे गरम पाणी मिसळले असता त्यातील फॉस्फोलिपिड फुगून वेगळे होतात. हा गोंदासारखा भाग वेगळा काढून वाळविला की लेसिथिन मिळते. चॉकलेट, बेकरीचे पदार्थ, बालआहार आणि सौंदर्यप्रसाधने यांत तेल व पाणी एकजीव ठेवण्यासाठी ते वापरतात. पेंडेपासून पशुखाद्य होते. स्वतंत्र खाद्य दर्जाच्या प्रक्रियेतून सोयापीठ, सोयावडी व प्रथिनांचे अर्क मिळतात. प्राणिजन्य पायसीकारक टाळू पाहणाऱ्या उत्पादकाला सोया लेसिथिन हा सहज उपलब्ध पर्याय ठरतो.

वनस्पतिजन्यता पुरेशी का नाही :

सोयाबीन वनस्पतिजन्य असल्याने त्याचा प्रत्येक घटक आपोआप हलाल ठरतो, असा समज होण्याचा संभव आहे. इंडोनेशियातील अजिनोमोटो प्रकरणाने तो खोटा ठरविला. मोनोसोडियम ग्लुटामेट तयार करणाऱ्या जिवाणूंच्या संवर्धनासाठी तेथे 'बॅक्टोसॉयटोन' हे सोयाप्रथिनांपासून बनविलेले पोषक माध्यम वापरले जात होते. मात्र त्या प्रथिनांचे विघटन करताना डुकरापासून मिळालेले एन्झाइम वापरले गेले होते. अंतिम पदार्थात त्याचा अंश नव्हता. तरीही तेथील उलेमा परिषदेने उत्पादन निषिद्ध ठरविले आणि २००१ च्या प्रारंभी बाजारातील माल परत घ्यावा लागला. तत्कालीन राष्ट्राध्यक्ष अब्दुर्रहमान वाहिद यांनी तो पदार्थ खाण्यास योग्य असल्याचे मत दिले होते. मूळ वस्तूचे पूर्ण रूपांतर झाल्यास ती शुद्ध मानावी काय, या 'इस्तिहाला'च्या प्रश्नावर धर्मशास्त्रज्ञांत मतभेद आहेत. परंतु व्यापार मतभेदाच्या निर्णयासाठी थांबत नाही.

लेसिथिनलाही हे लागू पडते. साधे लेसिथिन केवळ पाण्याने वेगळे होते. परंतु अधिक विद्राव्य असे सुधारित लेसिथिन बनविताना फॉस्फोलायपेज हे एन्झाइम वापरतात. ते डुकराच्या स्वादुपिंडापासूनही मिळते आणि सूक्ष्मजीवांपासूनही. काही प्रकारांत अल्कोहोलचा विद्रावक म्हणून उपयोग होतो. एकाच शेतातील दाणा दोन कारखान्यांत गेल्यास त्याच्या लेसिथिनचा दर्जा असा भिन्न ठरू शकतो.

हिरवे चिन्ह आणि हलाल प्रमाणपत्र :

भारतीय वाचकास शाकाहाराचे हिरवे चिन्ह परिचित आहे. कारंजा येथील जुन्या जैन परंपरेतील ग्राहकाला पडणारा प्रश्न आणि मंगरूळपीरच्या दर्ग्यास येणाऱ्या मुस्लिम भाविकाला पडणारा प्रश्न पुष्कळदा एकच असतो : हा घटक कोठून आला? उत्तर मात्र सर्वस्वी एक नाही. हिरवे चिन्ह पदार्थ शाकाहारी असल्याचे सांगते, अल्कोहोलविषयी काही सांगत नाही. हलाल प्रमाणपत्र विधिपूर्वक मिळविलेल्या मांसाला चालते, अल्कोहोलविषयी काटेकोर असते. म्हणून एक चिन्ह दुसऱ्याची जागा घेऊ शकत नाही. दिल्ली उच्च न्यायालयाने डिसेंबर २०२१ मध्ये घटकांचा केवळ क्रमांक न देता ते वनस्पतिजन्य, प्राणिजन्य की प्रयोगशाळेत तयार झालेले, हेही जाहीर करावे असा आदेश दिला. त्यामागील गरज हीच होती.

कायदा व प्रमाणन :

इंडोनेशियाने २०१४ च्या ३३ व्या कायद्यान्वये हलाल प्रमाणन टप्प्याटप्प्याने अनिवार्य केले. मध्यम व मोठ्या उद्योगांच्या खाद्यपेयांसाठी १७ ऑक्टोबर २०२४ ही मुदत होती. सूक्ष्म व लघु उद्योगांसाठी ती १७ ऑक्टोबर २०२६ ठरविण्यात आली. निषिद्ध माल विकता येतो, पण तो तसा असल्याचे नमूद करावे लागते. मलेशियात 'जाकिम' ही शासकीय संस्था प्रमाणपत्र देते व परदेशी प्रमाणन संस्थांना मान्यता देते.

भारतात हे काम प्रामुख्याने खाजगी व धार्मिक न्याससंस्थांकडे राहिले. २०२३ मध्ये केंद्र शासनाने मांस निर्यातीसाठी भारतीय गुणवत्ता परिषदेच्या मंडळाकडून अधिस्वीकृत संस्थेचेच प्रमाणपत्र आवश्यक केले. त्याच वर्षी १८ नोव्हेंबर रोजी उत्तर प्रदेश शासनाने राज्यातील हलाल प्रमाणित खाद्यपदार्थांच्या उत्पादन व विक्रीवर बंदी घातली. निर्यातीचा माल त्यातून वगळला. प्रमाणपत्र कोणी द्यावे, हा देशांतर्गत वादाचा विषय असला तरी ते कोणाचे स्वीकारावे, हे आयात करणारा देशच ठरवितो.

वाशीम जिल्ह्याच्या दृष्टीने संधी व मर्यादा :

येथे अवाजवी आशा टाळणे आवश्यक आहे. एक क्विंटल सोयाबीनपासून सुमारे १८ किलो तेल निघते व त्यात फॉस्फोलिपिडचे प्रमाण साधारण २ ते ३ टक्के असते. म्हणजे क्विंटलमागे लेसिथिन अर्ध्या किलोच्या आसपासच मिळते. केवळ त्याच्या आधारे दाण्याचा भाव वाढेल, असे मानता येत नाही. शिवाय शेतकरी आपला माल दाण्याच्याच रूपात बाजार समितीत विकतो. मूल्यवृद्धी पुढे कारखान्यात होते.

तथापि काही बाजू अनुकूल आहेत. भारतात जनुकीय परिवर्तित सोयाबीनच्या लागवडीस परवानगी नसल्याने येथील दाणा अशा मालाची मागणी करणाऱ्या खरेदीदारासही चालतो. मुंबई-नागपूर समृद्धी महामार्ग जिल्ह्यातून जातो व ५ जून २०२५ पासून तो संपूर्ण खुला झाला आहे. शेतकरी उत्पादक कंपन्यांनी खाद्य दर्जाचे सोयापीठ, सोयावडी यांसारख्या प्रथिनप्रधान पदार्थांकडे वळल्यास क्विंटलमागे मिळणारे प्रमाण लेसिथिनपेक्षा कितीतरी अधिक आहे. त्यासाठी प्रत्येक लॉटची नोंद, वापरलेल्या एन्झाइम व विद्रावकाच्या मूळाचा लेखी पुरावा आणि स्वतंत्र साठवण या तीन गोष्टी आरंभापासूनच पाळाव्या लागतील. या नोंदी हलालपुरत्याच नव्हे, तर शाकाहारी, जैन अथवा सेंद्रिय मालाच्या खरेदीदारासही उपयोगी पडतात.

निष्कर्ष :

हलाल घटकांची बाजारपेठ वरकरणी धर्माची असली, तरी व्यवहारात ती पुराव्याची बाजारपेठ आहे. सोयाबीनला तिच्यात प्रवेश सुलभ आहे, परंतु तो वनस्पतीच्या नावावर नव्हे, तर प्रक्रियेच्या नोंदींवर टिकतो. वाशीमच्या शेतकऱ्यास तिचा लाभ व्हावयाचा असेल, तर प्रक्रिया आणि तिच्या नोंदी या दोन्ही गोष्टी जिल्ह्यात व शक्यतो शेतकऱ्यांच्याच संस्थांच्या हाती असाव्या लागतील; अन्यथा दाणा येथून जाईल आणि त्याचे वाढीव मूल्य अन्यत्र जमा होत राहील.