उघड्यावरची कला आणि 1959 चा कायदा

बेघरांविषयी मराठी लेखक-कलावंतांनी कमी काम केलेलं नाही. जयवंत दळवींची ‘चक्र’ ही कादंबरी 1963 साली आली. तिच्यावरचा रवींद्र धर्मराज यांचा हिंदी चित्रपट 1981 चा. त्यातल्या भूमिकेसाठी स्मिता पाटील यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. त्याच 1981 मध्ये मुंबईच्या फुटपाथवर राहणाऱ्यांना शहराबाहेर काढायचा निर्णय राज्य सरकारने घेतला. या निर्णयाला आव्हान देणाऱ्या ऑल्गा टेलिस खटल्यात 1985 साली सर्वोच्च न्यायालयाने उपजीविका हा जगण्याच्या हक्काचाच भाग असल्याचं मान्य केलं, पण फुटपाथवर राहण्याचा हक्क मानला नाही. बेघर माणूस पडद्यावर आपल्याला हेलावून टाकतो आणि रस्त्यावर अडचण ठरतो, हे 1981 या एका वर्षात जितकं उघड झालं तितकं क्वचितच होत असेल. त्यातून मला दिसतं ते असं: बेघरांविषयीच्या कलेचा विचार करताना आपण बेघरांना कायम विषय मानलं, कलावंत मानलं नाही. महाराष्ट्रात तर हे फारच मोठं विस्मरण आहे. इथे पिढ्यानपिढ्या घर नसलेल्या, गावाबाहेर पाल ठोकून राहणाऱ्या जमातींनीच रस्त्यावरची कला जिवंत ठेवली.

छत्रपती संभाजीनगरच्या छावणीत गुरुवारी आठवडी बाजार भरतो. जनावरं, बी-बियाणं, भांडी, कपडे, आणि खेड्यापाड्यांतून आलेली माणसं. असा बाजार हे डोंबारी, बहुरूपी, नंदीबैलवाले, पोतराज यांचं पूर्वापार नाट्यगृह. ना तिकीट, ना रंगमंच. प्रेक्षक थांबला तर खेळ, नाहीतर पुढचं गाव. या कलेकडे कायदा कसा पाहतो? मुंबई भीक प्रतिबंधक अधिनियम 1959 सालचा. सार्वजनिक जागी गाणं, नाच, भविष्यकथन किंवा खेळ यांच्या निमित्ताने पैसे घेणं हीसुद्धा भीक, अशी त्याची व्याख्या आहे. दिसेल असं उपजीविकेचं साधन नसताना रस्त्यावर भटकणंही तिच्यात बसू शकतं. पोलिसांना वॉरंटशिवाय ताब्यात घेता येतं. पहिल्या वेळी एक ते तीन वर्षं संस्थेत डांबण्याची तरतूद आहे, पुढे ती दहा वर्षांपर्यंत जाते. लष्करी छावण्यांच्या कायद्यातही भीक मागणं उपद्रवाच्या सदरात येतं. म्हणजे तेच गाणं सभागृहात झालं तर लोककला आणि बाजारात झालं तर गुन्हा. फरक गाण्यात नाही, गाणाऱ्याला पत्ता आहे की नाही एवढ्यात आहे.

कुणी म्हणेल, हा कायदा आता वापरतो कोण? वापर कमी असला तरी धाक पुरतो. 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जन्मावरूनच संशयित ठरवलेल्या जमाती 31 ऑगस्ट 1952 रोजी मुक्त झाल्या, आणि सातच वर्षांत भटकण्याला पुन्हा गुन्ह्याचा वास लावणारा कायदा आला. त्या माणसांना पोलिसाची गाडी दिसली की खेळ आवरावा लागतो, यासाठी शिक्षेचे आकडे लागत नाहीत. दिल्ली उच्च न्यायालयाने 2018 मध्ये याच कायद्याच्या दिल्लीला लागू असलेल्या, भीक मागण्याला गुन्हा ठरवणाऱ्या तरतुदी घटनाबाह्य ठरवल्या. ज्या राज्याचा तो मूळ कायदा, त्या महाराष्ट्रात मात्र तो उभाच आहे.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे: दोरावर चालणारं मूल. शाळेच्या वयाच्या मुलाला जीव धोक्यात घालायला लावणं कलेच्या नावाखाली खपवून घेता येणार नाही, आणि ते मी मागतही नाही. त्यासाठी 2009 चा शिक्षणहक्क कायदा आहे, बालमजुरीचा कायदा आहे. मात्र त्याच बालमजुरी कायद्यात 2016 साली झालेल्या दुरुस्तीने चित्रपट, जाहिराती, मालिकांतल्या मुलांना बालकलाकार म्हणून अटींसह सूट दिली. स्टुडिओतल्या मुलासाठी अटी आखता येतात, तर बाजारातल्या कुटुंबासाठी पोलीस आणि संस्था एवढंच का? मुलाचं संरक्षण करायला त्याच्या आईच्या ढोलकीला भीक म्हणावं लागत नाही.

आधी छप्पर, मग कला, हे म्हणणंही नेहमी येतं. 2011 च्या जनगणनेने 28 फेब्रुवारीच्या एका रात्रीत फुटपाथवर, ह्यूम पाइपांत, पुलांखाली झोपलेले मोजले, ते देशभरात साडेसतरा लाखांच्या वर भरले. शहरांत दर लाख वस्तीमागे एक निवारा हवा, असा दंडक सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशांतून आला. त्याच जनगणनेत पावणेबारा लाख वस्ती असलेल्या छत्रपती संभाजीनगरला त्या हिशेबाने किमान अकरा निवारे लागतात. तेही हवेच आहेत. पण फुटपाथवरचा माणूस तिथे राहतो तो काम तिथे आहे म्हणून, हाच ऑल्गा टेलिस खटल्यातला मुख्य मुद्दा होता. राज्याची यशवंतराव चव्हाण मुक्त वसाहत योजना भटक्यांना गावात पाच गुंठे आणि 269 चौरस फुटांचं घर देऊ करते. ती चांगलीच योजना आहे. मात्र घर देताना पोटाची कला बेकायदाच ठेवली, तर त्या घराची चूल कशावर पेटणार?

मग बेघरपणावर चित्रं, नाटकं, चित्रपट करायचेच नाहीत का? करायचे, जरूर करायचे. पण या शहराने त्याची जास्त अवघड वाट आधीच पाहिली आहे. छावणीला लागून असलेल्या नागसेनवनात डॉ. आंबेडकरांनी उभारलेलं मिलिंद महाविद्यालय आहे. याच शहरातून गंगाधर पानतावणे यांनी ‘अस्मितादर्श’ हे दलित साहित्याचं नियतकालिक चालवलं, आणि ज्यांच्याविषयी लिहिलं जात होतं तेच लिहू लागले. लक्ष्मण माने यांच्या ‘उपरा’ या आत्मकथनाने 1980 मध्ये पालातलं आयुष्य आतून सांगितलं. लेखणीबाबत जे झालं ते ढोलकीबाबत, रंगवलेल्या चेहऱ्याबाबत अजून व्हायचं आहे.

देशातल्या छावण्यांचे नागरी भाग लगतच्या पालिकांकडे सोपवण्याचं धोरण 2023 पासून आलं आहे. अशा वेळी बाजाराच्या जागेचा आराखडा नव्याने आखला जातो. त्यात ओटे, पार्किंग, स्वच्छतागृहं यांच्याबरोबर खेळकऱ्यांसाठी एक मोकळी जागा आणि तिथे खेळण्याचं साधं, फुकट ओळखपत्र असावं. आणि विधिमंडळाने 1959 च्या व्याख्येतले गाणं, नाच आणि खेळ हे शब्द वगळावेत. या शहरातल्या चित्रकारांनी, नाटकवाल्यांनी आपल्या पुढच्या प्रदर्शनाआधी, पुढच्या प्रयोगाआधी ही मागणी आपल्या आमदाराकडे लेखी द्यावी.