साखर आणि हिरवळ

अंगणातील हिरवळ पिवळी पडू लागली, की नाना उपाय सुचविले जातात. त्यांतील एक उपाय मोठा गोड आहे. घरातील साखर मातीवर पसरावी आणि वर पाणी शिंपडावे! थकल्या माणसास साखरपाणी दिले असता तरतरी येते. मग ती गवतास का येऊ नये?

परंतु गवत आपली साखर आपणच तयार करते. हवेतील कर्बवायू, मुळांनी शोषलेले पाणी आणि सूर्यप्रकाश एवढ्या सामग्रीवर त्याच्या पानांतील हरितद्रव्य हे काम दिवसभर करीत असते. त्याला बाहेरून साखर देण्यात हशील काय? गवतास बहुधा वाण पडते ती नत्राची. साखरेच्या एका रेणूत कर्बाचे १२, हायड्रोजनचे २२ आणि प्राणवायूचे ११ अणू असतात. नत्राचा एकही नसतो.

बरे, साखर निरुपयोगी ठरली एवढ्यावरच हे भागत नाही. चिमूटभर मातीत कोट्यवधी सूक्ष्म जंतू राहतात व त्यांतील बहुतेक अर्धपोटी असतात. साखर मिळताच ते झपाट्याने वाढू लागतात. त्यांचे शरीर घडण्यास नत्रही लागते. साखरेत ते नसल्यामुळे हे जंतू मातीतील नत्रच उचलतात आणि गवताच्या तोंडचा घास जातो. पुढे जंतू मेले, की ते नत्र मातीत परत येते; पण तोवर पिवळे गवत अधिकच पिवळे पडलेले असते.

ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स राज्यात शास्त्रज्ञांनी या गोष्टीचा मुद्दाम उपयोग करून पाहिला. तेथील काही माळरानांच्या मातीत नत्र फार साचले होते आणि त्यावर परकी तणे माजली होती. मूळचे कांगारू गवत मात्र थोड्या नत्रावर निभावणारे. शास्त्रज्ञांनी जमिनीवर साखर पसरली. मातीतील नत्र घटले व तणे खुरटली. म्हणजे तेथे साखर घातली ती तणांची उपासमार व्हावी म्हणून!

आपल्याकडील काही शेतकरी जीवामृतात गूळ घालतात, तोही जंतूंसाठीच. मात्र त्यात शेण, गोमूत्र आणि डाळीचे पीठही असते, आणि या तिहींत नत्र असते.

हिरवळीसाठी शेणखत चांगले. शिवाय ती कापल्यावर पडणारे बारीक तुकडे झाडून टाकू नयेत. ते तेथेच कुजतात आणि त्यांतील नत्र हळूहळू मुळांकडे परत जाते.