फुलांचं बी : आधी वाळवण, मग डबा



दसरा-दिवाळीच्या बाजारासाठी झेंडू, अ‍ॅस्टर करायचं म्हणजे जूनच्या सुमारास गादीवाफ्यावर बी टाकायचं. आठ दिवस होतात, दहा होतात, आणि निम्मा वाफा मोकळाच! मग आपण दुकानदाराला नाहीतर पावसाला बोल लावतो. पण पुष्कळदा बी मेलेलं असतं ते आपल्याच फडताळात, मागच्या पावसाळ्यात.

बी जिवंत असतं. दमट हवेतला ओलावा ते ओढून घेतं, त्याचा श्वास वाढतो, जीव झिजतो आणि बुरशीलाही फावतं. यात अ‍ॅस्टर सर्वांत नाजूक. फेब्रुवारी-मार्चमध्ये धरलेलं बी जूनला चांगलं उगवतं. तेच पुडीत पावसाळा काढून पुढच्या जूनला टाकलं, तर त्याचा भरवसा धरू नये. झेंडू त्या मानानं तग धरतो.

हॅरिंग्टन या अमेरिकन बीजतज्ज्ञांचा एक ठोकताळा आहे. बियातला ओलावा १ टक्क्यानं उतरला की आयुष्य दुप्पट. साठवणीची उष्णता ५ अंश सेल्सिअसनं उतरली की पुन्हा दुप्पट. ओलावा ५ ते १४ टक्के असेल तिथवर हा हिशेब चालतो.

इथं एक चूक फार होते. हवाबंद डबा चांगला, असं ऐकून ओलसर बीच त्यात कोंडतात. त्यापेक्षा साधी कापडी पिशवी बरी! पूर्ण पिकलेली बोंडं कोरड्या दिवशी काढा, सावलीत पातळ पसरून वाळवा. तापलेल्या पत्र्यावर नको. झेंडूचं बी वाकवल्यावर कट्‌कन मोडलं पाहिजे. डब्याच्या तळाशी भाजून गार केलेल्या तांदळाची पुरचुंडी ठेवा, वर बियांची कागदी पुडी, आणि झाकण मेणानं बंद करा. डबा घरातल्या गार कोपऱ्यात ठेवावा. चुलीवर टांगलेलं बी कोरडं राहतं खरं, पण उष्णता त्याला खाते. फ्रीजमध्ये ठेवलात तर बाहेर काढल्यावर डबा खोलीइतका कोमट होईपर्यंत उघडू नका, नाहीतर आत दव धरतं.

पेरणीआधी पंधरा दिवस १०० बिया मोजून ओल्या फडक्यात गुंडाळा, फडकं सुकू देऊ नका. दहाव्या दिवशी मोड मोजा. ७०-८० आले तर बेलाशक टाका. पन्नासच्या आत आले तर नुसतं दाट टाकून भागत नाही. असं बी मागंपुढं उगवतं, रोपं लहानमोठी होतात आणि फुलं एकदम तोडणीला येत नाहीत. दसरा काही थांबत नाही. तेव्हा नवं बी आणायला ते पंधरा दिवस हाताशी ठेवा.