दोष आईचा नव्हे, निसटलेल्या कडीचा

डाउन सिंड्रोम असलेले मूल जन्माला आले की घरातला पहिला प्रश्न आईला विचारला जातो. ग्रहणात काही चिरले होते का? पपई खाल्ली होती का? माझ्याकडे अशी बाळे तपासायला येतात तेव्हा आई बहुधा मान खाली घालून गप्प बसलेली असते आणि बरोबर आलेली मंडळीच बोलत असतात. या सगळ्यांना मी जे समजावून सांगतो, तेच आज वाचकांसाठी लिहीत आहे.

आपल्या शरीरातील जवळजवळ प्रत्येक पेशीत ४६ गुणसूत्रे असतात, म्हणजे २३ जोड्या. प्रत्येक जोडीतले एक आईकडून आलेले, एक वडिलांकडून. डाउन सिंड्रोममध्ये २१ क्रमांकाची गुणसूत्रे दोनऐवजी तीन असतात. हा शोध १९५९ साली फ्रान्समध्ये लागला. मग हे तिसरे येते कोठून?

त्यासाठी पेशी विभागते कशी ते पाहू. एका पेशीच्या दोन होण्याआधी प्रत्येक गुणसूत्राची हुबेहूब प्रत तयार होते. मूळ आणि प्रत यांची ताटातूट होऊ नये म्हणून त्यांच्याभोवती प्रथिनांच्या बारीक कड्या बसतात. दोन बोटांत मिळून एकच अंगठी घालावी, तसे हे बंधन असते. या प्रथिनाला कोहेसिन म्हणतात. मग पेशीच्या दोन टोकांकडून सूक्ष्म धागे येतात आणि प्रत्येक जोडीला दोन्ही बाजूंनी धरून ओढू लागतात. कड्या घट्ट असल्यामुळे जोडी सुटत नाही, मधोमध ताणून उभी राहते. सगळ्या जोड्यांना दोन्हीकडचे धागे लागले की नाही यावर पेशीचा पहारा असतो. एक जरी जोडी राहिली तरी पुढचे काम थांबते. सगळे जागेवर आले की मगच सेपरेज नावाचे दुसरे प्रथिन कात्रीसारखे त्या कड्या कापते आणि गुणसूत्रे आपापल्या टोकाकडे जातात. हे काम आपल्या शरीरात रात्रंदिवस चालू असते.

स्त्रीबीज आणि शुक्राणू तयार होताना मात्र ४६ ची २३ करायची असतात. म्हणून तेथे दोनदा विभाजन होते. पुरुषात वयात आल्यावर शुक्राणू सतत नव्याने तयार होतात. स्त्रीची गोष्ट वेगळी. मुलगी आईच्या पोटात असतानाच तिच्या बीजपेशींत हे विभाजन सुरू होते आणि अर्ध्यावरच थांबते. त्या वेळी बसलेल्या कड्या तशाच राहतात. पुढे वयात आल्यावर दर महिन्याला साधारण एक बीज पक्व होते, तेव्हा त्याचे थांबलेले काम पुढे सरकते. म्हणजे बाई पस्तीस वर्षांची असेल, तर त्या कड्यांचे वयही पस्तिशीच्या पुढचेच! २०१० साली प्रसिद्ध झालेल्या उंदरांवरील संशोधनात असे दिसले, की वय वाढते तशा स्त्रीबीजातील या कड्या कमी होत जातात. बंधन सैल झाले की जोडी वेळेआधी सुटते किंवा भलत्याच बाजूला ओढली जाते. एका बीजात २१ व्या क्रमांकाची दोन गुणसूत्रे जातात, वडिलांकडून आणखी एक येते आणि तीन होतात.

आता विचार करा. ज्या कडीमुळे हे घडले, ती बसली तेव्हा ही आई स्वतःच जन्मलेली नव्हती! तिच्या पपईचा किंवा ग्रहणाचा येथे संबंध येतोच कोठे? शिवाय थोड्या मुलांमध्ये हे जादा गुणसूत्र वडिलांकडूनही आलेले असते.

आईच्या वयाचा संबंध मात्र खरा आहे. पंचविशीच्या आत सुमारे दीड हजार बाळंतपणांत एक, पस्तिशीला सुमारे साडेतीनशेत एक, चाळिशीला सुमारे शंभरात एक असे हे प्रमाण आहे. तरीही तरुण आयांनी निर्धास्त राहू नये. बाळंतपणे तरुण वयातच जास्त होतात, त्यामुळे अशी बरीच मुले तरुण आयांच्याच पोटी जन्मतात.

गरोदरपणात ११ ते १३ आठवड्यांच्या दरम्यान सोनोग्राफी आणि रक्ताची तपासणी करता येते. तिच्यातून फक्त शक्यता कळते. खात्रीसाठी गर्भजल किंवा वारेचा अंश तपासावा लागतो. पुढे काय करायचे हा निर्णय समजून घेऊन त्या जोडप्याने घ्यायचा असतो. गर्भाचे लिंग विचारणे आणि सांगणे दोन्ही गुन्हे आहेत, हेही लक्षात ठेवावे. आधीचे मूल डाउन सिंड्रोमचे असेल, तर त्याची गुणसूत्र तपासणी जरूर करावी. काही थोड्या मुलांत जादा भाग दुसऱ्या गुणसूत्राला चिकटलेला असतो. अशा वेळी आईवडिलांचीही तपासणी लागते.

बाळ जन्मले असेल, तर पहिले काम हृदयाच्या तपासणीचे, कारण जवळजवळ निम्म्या मुलांच्या हृदयात दोष असतो. त्यानंतर थायरॉइड, कान आणि डोळे तपासून घ्यावेत. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात या मुलांचा समावेश आहे. जिल्हा रुग्णालयात याची चौकशी करावी. व्यायामोपचार आणि बोलण्याचे शिक्षण पहिल्या वर्षापासून सुरू केले तर ही मुले चालतात, बोलतात, शाळेत जातात. फक्त त्यांना वेळ जास्त लागतो.

अमेरिकेत १९८० च्या सुमारास या व्यक्तींचे सरासरी आयुष्य पंचवीस वर्षांच्या आसपास होते. आज ते साठीच्या घरात गेले आहे. त्यांची गुणसूत्रे तेव्हाही सत्तेचाळीस होती आणि आजही तेवढीच आहेत. वाढली आहे ती त्यांची काळजी.